वर जाणारी फळी

११ जानेवारी

बारके,

फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू ओरडून सांगतेस, म्हणून लिहायला बसले. शिवाय ही गोष्ट शेजारणीच्या कानावर जायला नको. तुझा दादा घरात आहे.

हसू नकोस. माझ्या डोक्यावर परिणाम झालेला नाही. हे जाऊन दोन वर्षं झाली. कपडे मी माझ्या हातांनी वाटले, चष्मा देऊन टाकला, सगळं मला ठाऊक आहे. तरी जे दिसतंय ते दिसतंय.

तू लहानपणापासून ह्यांचं सुतारकाम बघितलंयस. गिऱ्हाइकासाठी टेप, गुण्या, पट्टी, सगळा सरंजाम. घरच्या कामाला मात्र काही नाही. "ये गं, भिंतीला पाठ लाव, हात वर कर," म्हणायचे आणि माझ्या बोटांच्या टोकाशी पेन्सिलीची रेघ ओढायचे. फळी तिथे बसायची. कोपर वाकवलं की ओटा. भांग आणि हनुवटी दोन्ही दिसतील असा आरसा. खुंटी, कडी, कपाटाची मूठ, सगळं घर माझ्या अंगावर बेतलेलं. एकदा मी म्हटलं, निदान आकडे तरी लिहून ठेवा. तर म्हणाले, "आकडे कशाला, तू आहेस ना."

गेल्या पावसाळ्यानंतर चहाच्या डब्याला माझा हात पुरेना. आधी वाटलं, मीच मागे ढकलून ठेवला असेल. मग नीट बघितलं. डबा कडेलाच होता, फळीच वर गेलेली. आता बोटं नुसती फळीच्या खालच्या अंगाला लागतात. आरशात हनुवटी दिसेनाशी झालीय. वरची कडी सरकवायला टाचा उचलाव्या लागतात. मी पुन्हा पुन्हा तपासलं. स्क्रूवरचा जुना रंग जसाच्या तसा आहे, कुठे चीर नाही. माणसाने फळी काढून वर लावली असती तर रंग फुटला असता की नाही?

दुपारी सगळं गप्प झालं की रंध्याचा आवाज येतो. मोठा नाही. समजूतदारपणे, झोपलेल्याला जाग येऊ नये असा. मला भीती वाटत नाही असं लिहिणार होते, पण वाटते.

तुझी वहिनी

●

२९ जानेवारी

वहिनी,

उत्तराला उशीर झाला. अक्षर वाकडंतिकडं आलंय त्याला नाव ठेवू नकोस, पेन नवीन आहे आणि मेलं हातात बसत नाही.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पण आपण शहाण्यासारखा विचार करू या. फळी वर जात नाही, वहिनी. जमीन खाली जाते. घर जुनं, तुझ्या मोरीचं पाणी वर्षानुवर्षं पायात मुरतंय. ओट्यापुढची जमीन खचली असणार, म्हणून सगळं उंच वाटतंय. एखादा चांगला गवंडी बोलाव आणि पातळी बघून घे. रंध्याचं म्हणशील तर तुझ्यामागच्या गल्लीत कुणीतरी काम काढलं असेल.

आणि डबा खाली ओट्यावरच ठेव. स्टुलावर चढतेस की काय? चढत जाऊ नकोस. एवढं माझं ऐक.

मी मजेत आहे. इथे काळजीचं काही नाही.

बारकी

●

९ फेब्रुवारी

बारके,

चाळीस वर्षं शाळेत पोरांची अक्षरं घोटून घेतलीस आणि आता पेनाला दोष देतेस? ते अक्षर तुझं नव्हतंच. बरी आहेस ना? खरं सांग.

गवंडी येऊन गेला. पाण्याची नळी लावून त्याने स्वयंपाकघर, मधली खोली, न्हाणीघर, सगळीकडे पातळी बघितली. मग हात झटकून म्हणाला, "आजी, घर बोटभरसुद्धा हललेलं नाही. ज्याने बांधलं त्याला नमस्कार सांगा." मी म्हटलं, सांगते. तो गेल्यावर खरंच सांगितला.

आता तुला एक सांगायचं ठेवलं होतं ते सांगते. हे किती उंच होते तुला माहीत आहे. माझ्या मापाच्या बेसिनवर तोंड धुताना जन्मभर कमरेत वाकले. आणि वाकले की दर वेळी तीच थट्टा: "तू पुढे हो, मग बघ. तू गेलीस की सगळं घर वीतभर वर घेतो." मी म्हणायची, घ्या घ्या, तेवढ्यासाठी तरी लवकर जाते. दोघंही हसायचो. पुढे हेच गेले.

कळलं का तुला आता? ह्यांनी घर वर घ्यायला काढलंय. आणि ते काम मी गेल्यावर करायचं होतं. ह्यांनी दिलेला शब्द कधी मोडला नाही, मग आधीच का सुरू केलं? एकच अर्थ निघतो. त्यांच्या हिशेबी मी गेलेलीच आहे. इथे मी उगीच मागे रेंगाळतेय.

परवा तर ह्यांचा हात लागला. गादी उलटायला वाकले आणि पाठीत कुणीतरी पाचर ठोकल्यासारखी कळ आली. ओरडायलाही श्वास नव्हता. तशीच गादीवर बसले. संध्याकाळपर्यंत उठवेना. आणि उठून बघते तर आरसा आणखी वर.

म्हणून आता मी आवरायला घेतलंय. कुंड्या समोरच्या मास्तरीणबाईंना दिल्या. दूध बंद केलं, एकटीला कशाला लागतंय. चहा-पावावर भागतं. खिडक्या लावून घेते, उजेडात ह्यांना काम करायला संकोच होत असेल. बाहेर जायचं तर सगळे गाऊनसुद्धा धुऊन धुऊन एवढे लांबलेत की पायात येतात. बाहेर जातंय कोण.

तुझी वहिनी

●

२० फेब्रुवारी

वहिनी,

हे पत्र मी डाव्या हाताने लिहितेय. मागचंही डाव्यानेच लिहिलं होतं. पेन जुनंच आहे.

जानेवारीच्या मध्यावर मी न्हाणीच्या उंबऱ्यात घसरले. घसरले म्हणजे काय, नुसती तोल जाऊन बसले आणि उजवा हात टेकवला. मनगट मोडलं. प्लास्टर आहे. तुला कळवलं असतं तर तू तशीच बसमध्ये बसून आली असतीस, म्हणून गप्प राहिले. आता शिव्या दे, पण आधी पुढचं वाच.

डॉक्टरीणबाईंनी प्लास्टर घातलं आणि म्हणाल्या, "मावशी, उभ्या जागी पडून चांगलं हाड मोडत नसतं. तुमचं आधीच विरलेलं होतं." मग तपासण्या. माझी हाडं ठिसूळ झालीत. वरून काही दिसत नाही, दुखत नाही, आतून विरत जातात. बायकांची पाळी थांबली की हाडांची राखण करणारं जे असतं तेच संपतं, आणि मग झीज वेगाने होते. मी म्हटलं, मला तर कधी काही झालं नाही. त्या म्हणाल्या, "होत नाहीच. पहिलं हाड मोडेपर्यंत हा आजार बोलत नाही."

मग त्यांनी मला भिंतीला पाठ लावून उभं केलं, उंची घेतली आणि विचारलं, "पूर्वी किती होती?" पाठीचे मणके म्हणे आपोआप दबतात. बादली उचलताना, गादी उलटताना, कधी नुसतं खोकताना. मोठी कळ येते, माणूस म्हणतं उसण भरली, चार दिवस शेक घेऊन विसरून जातं. पुष्कळांना तर तेवढंही कळत नाही. पण मणका चेपतो तो चेपतोच. एक दबला की शेजारच्यावर भार. माणूस बुटकं होत जातं, पुढे वाकतं, आणि त्याला वाटतं कपडेच लांबले.

तिथेच, त्या भिंतीला पाठ लावून उभी असताना, मला तुझा चहाचा डबा दिसला.

फळी जागेवर आहे, वहिनी. गवंड्याने सांगितलंच. दादाने काही हलवलेलं नाही. तू खाली आलीयस. तुझी तर पिशवी काढली तेव्हा बीजकोशही काढले होते, चाळिशीही लागली नव्हती. तेव्हापासून तुझी हाडं बिनराखणीची आहेत. आणि आता तू दूध सोडलंस, ऊन सोडलंस, चालणं सोडलंस. म्हणजे आहे तेही घालवायला बसलीस.

डॉक्टरकडे जा. पाठीचा फोटो काढ. उद्याच जा. पुढच्या खेपेला मणका नसेल, खुबा असेल, आणि खुबा मोडलेली एकटी बाई म्हणजे काय ते आपण शेजारच्या नर्सबाईंच्या सासूचं बघितलंय.

बारकी

●

३ मार्च

बारके,

हात मोडला आणि मला कळवत नाहीस! लहानपणी तुझे गुडघे फुटायचे तेव्हा आयोडीन लावायला मीच लागायची ना? कोण करतंय तुझं? भाकरीचा तुकडा मोडायला तरी कुणी आहे का? मला किती राग आलाय ते कागदावर मावणार नाही.

बाकीच्याबद्दल. हाडं म्हणे! म्हातारं माणूस वाकतं हे मला तुझ्या डॉक्टरीणबाईंनी शिकवायला नको. वाकणं वेगळं आणि हे वेगळं. मी घरात वावरते, मला कळतं. इथे कुणीतरी आहे.

तुला काय वाटतं, मला एकटीला राहायला जमलं असतं? पहिलं वर्षभर ह्या घरात नुसतं रिकामेपण होतं. ताट मांडायचं ते एकाचंच. रेडिओ लावायचा तो दुसऱ्याला न विचारता. मी रडलेसुद्धा नाही, कुणापुढे रडायचं? मग फळी वर गेली. आणि मला पहिल्यांदा वाटलं, काहीतरी चाललंय, कुणाला तरी माझ्याशी काम आहे. दुपारी मी ओट्यापाशी पाट टाकून बसते आणि बोलते. ऐकणारं असल्याशिवाय माणूस एवढं बोलेल का?

आता तू म्हणतेस की जाऊन फोटो काढ. म्हणजे तुझ्या त्या बाई मला चार गोळ्या लिहून देणार आणि त्या बदल्यात मी ह्यांना घराबाहेर काढायचं. एकदा गेलेलं माणूस परत आलं, ते पुन्हा घालवायचं माझ्याच्याने होणार नाही. न्यायला आले असतील तर जाईन. वाट बघायला लावणं ह्यांना कधी आवडलं नाही.

स्टुलाचं विचारलंस. चढते. डबा वरच ठेवते, कारण ह्यांनी तो वर ठेवलाय. पडले तर धरायला ते आहेतच.

हाताला जप.

वहिनी

●

१२ मार्च

वहिनी,

तुझं पत्र वाचून मी तडक निघणार होते. पिशवी भरली, बसस्टॉपवर उभी राहिले, बस आली आणि मला दांडी धरता येईना. प्लास्टर निघालंय, पण मूठ अजून वळत नाही. मागच्या माणसाने हाताला धरून बाजूला केलं. परत आले. म्हणून पुन्हा कागदच.

मी तुझ्याशी भांडणार नाही. एक कबूल करते. पहिल्या पत्राला उशीर झाला तो नुसत्या हातामुळे नाही. मला तुझा हेवा वाटला. तो माझाही भाऊ होता. मला सायकल त्याने शिकवली, मला कॉलेजात पाठवा म्हणून बाबांशी त्याने वाद घातला. मग तो तुझ्याच घरात का आला? माझ्याकडे एखादी खुंटीसुद्धा का हलत नाही? मी रात्रभर हाच विचार करत बसले, एवढी शिकलेली बाई. तेव्हा तू वेडी आहेस असं मी म्हणणार नाही. असलीस तर दोघी आहोत.

पण माझं एक काम कर. घरातलं सगळं दादाच्या हातचं आहे, त्यामुळे घरात तू आणि मी जन्मभर वाद घातला तरी निकाल लागायचा नाही. ज्याला त्याने कधी हात लावला नाही अशा ठिकाणी जाऊन बघ. ह्या पत्राचं उत्तर कोपऱ्यावरच्या पेटीत टाकू नकोस. पोस्टात जा, आत, खिडकीशी. तू नवी नवरी होतीस तेव्हा माहेरी पत्र टाकायला मला बरोबर न्यायचीस. त्या दगडी काउंटरवर तू आरामात दोन्ही कोपरं टेकून पत्ता लिहायचीस आणि मी टाचा उंचावून बघायची. दादा त्या पोस्टात कधी कामाला गेला नव्हता. दगड त्याचा विषयच नव्हता.

तिथे तुझी कोपरं पूर्वीसारखी टेकली, तर मी पुन्हा हाडांचा ह काढणार नाही. तू आणि दादा सुखाने राहा. नाही टेकली तर तिथून सरळ दवाखान्यात जा, घरी जाऊ नकोस. घरी गेलीस तर तुझं मन पुन्हा फिरेल.

आणि जाईपर्यंत स्टुलावर चढू नकोस. दादा असला तरी त्याला तुला धरता येणार नाही, वहिनी. हे तुलाही माहीत आहे.

बारकी

●

२ एप्रिल

वहिनी,

उत्तर का नाही? फोन नुसता वाजतो. शेजारणीचा नंबर लागत नाही. मास्तरीणबाईंना कार्ड टाकलंय. रागावली असशील तर रागाचं पत्र टाक, कोरा कागद टाक, पण टाक. मला रोज स्वप्नात ते स्टूल दिसतं. माझ्यामुळे तू बाहेर पडलीस आणि कुठे रस्त्यातच काही झालं तर? मूठ आता थोडी वळते. शनिवारपर्यंत काही आलं नाही तर दोघांचं तिकीट काढून, आधाराला कुणाला तरी बरोबर घेऊन येते.

बारकी

●

४ एप्रिल

बारके,

जिवंत आहे. मास्तरीणबाईंनी कार्ड आणून दिलं आणि वर माझी चांगली हजेरी घेतली. इतके दिवस लिहिलं नाही, कारण काय लिहायचं ते सुचेना. फोन मुद्दाम उचलला नाही. माफ कर.

आधी तुला ऐकायचंय ते. माझे तीन मणके दबलेत. एक जुना, कधीचा ते देवाला ठाऊक, आणि दोन अलीकडचे. गादीच्या दिवशीचा त्यातलाच. नंतर एका यंत्राखाली निजवून कंबर आणि खुबा तपासला. कागदावरचे आकडे बघून डॉक्टर म्हणाले, आजी, खुबा अजून शाबूत आहे हे तुमचं नशीब, आता नशिबावर सोडायचं नाही. आठवड्याला एक गोळी आहे. सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर घसा भाजतो. मी खुर्चीत ताठ बसून भिंतीकडे बघते. दूध पुन्हा सुरू केलं. दही, अंडी, पालेभाजी. सकाळच्या उन्हात मास्तरीणबाईंबरोबर फिरून येते, फार बोलते बाई. व्यायाम शिकवणारी एक मुलगी आहे, ती मला भिंत ढकलायला लावते. वाकून काही उचलायचं नाही, गुडघ्यांत बसून उचलायचं. पायपुसणी आणि सतरंज्या गुंडाळून माळ्यावर टाकायला दिल्या. न्हाणीत दांडी बसवली. स्टूल फोडून टाकलं, फार बळकट होतं, सुतार वैतागला.

दबलेले मणके परत वर येतात का, असं मी विचारलं. नाही म्हणाले. मी पुन्हा विचारलं. तर म्हणाले, उरलेले वाचवायचे, आजी, तेही कमी नाहीत. तू तुझ्या गोळ्या नीट घे. तुझं मनगट मोडलं म्हणून माझा खुबा वाचला, हे मी कुठे विसरणार आहे.

खिडक्या उघड्या असतात आता. रंधा वाजत नाही. मागच्या गल्लीत काम चाललं होतं की काय ते मी कुणाला विचारलेलं नाही आणि तूही विचारू नकोस. घर फार मोठं वाटतं. तू ये. ह्या खेपेला दोन दिवसांसाठी नको. तुझ्या घराला कुलूप लाव आणि ये, मी तुला न्यायला माणूस पाठवते.

आता पोस्टाचं. ते मी कुणालाच सांगितलेलं नाही.

तुझ्यावर चिडूनच गेले होते. म्हटलं, कोपरं टेकते आणि तिथूनच बारकीला लिहिते की तुझा दादा जिंकला. रांग नव्हती. मी सरळ खिडकीशी गेले आणि हात वर घेतले. कोपरं टेकली नाहीत. दगड माझ्या छातीशी होता. मला वाटलं मी चुकून दुसऱ्याच खिडकीशी आले. तीच होती, कडेचा टवका तोच. मी टाचा उंचावल्या, तू उंचावायचीस तशा. तरी नाही.

दगड उचलायला हे कशाला येतील, बारके? त्यांचा पोस्टाशी काय संबंध?

मग माझ्या लक्षात आलं की घरात कुणी नाही. आता नाही, आणि दुपारीही नव्हतं, कधीच नव्हतं. मी एकटीच होते आणि एकटीच उतरत होते. दोन वर्षांपूर्वी दवाखान्यातून ह्यांना आणलं तेव्हा मी लोकांना चहा केला, तेराव्यापर्यंत डोळ्याला पदर लावला नाही, सगळे म्हणाले खंबीर आहे. ते सगळं त्या दगडाला धरून बाहेर आलं. आवाज करून रडले, बाजारात हरवलेलं पोर रडतं तशी. लोक बघत होते.

खिडकीतली मुलगी घाबरून बाहेर आली. मला बाकावर बसवलं, तिच्या बाटलीतलं पाणी पाजलं. म्हणाली, "आजी, काय झालं? कुणी गेलं का?"

मी म्हटलं, "माझे मिस्टर."

ती शेजारी बसली, माझा हात हातात घेतला आणि हळूच विचारलं, "कधी गेले?"

मी म्हटलं, "आत्ताच."

तुझी वहिनी